मांजराच्या डोळ्यांचा वाघ

जुन्या जपानी चित्रात वाघ दिसला की मी आधी त्याच्या डोळ्यांत बघतो. पुष्कळदा त्यातली बाहुली उभी असते, चिरेसारखी अरुंद. भर दुपारी ओट्यावर लोळणाऱ्या मांजराची असते ना, तश्शी. खऱ्या वाघाची बाहुली गोल असते. उन्हात ती बारीक होते, पण गोलच राहते. ताडोब्याला जिप्सीतून काढलेला एखादा चांगला फोटो मोबाइलवर असेल तर मोठा करून बघा.

अंगावरचा केस न केस रंगवणाऱ्या चित्रकारांची नेमकी डोळ्यातच गफलत कशी झाली? कारण त्यांनी वाघ पाहिलाच नव्हता. जपानच्या बेटांवर वाघ नाही. वाघाची म्हणून ओळखली गेलेली हिमयुगातली काही हाडं जमिनीत सापडली आहेत, पण लिहित्या-वाचत्या काळात तिथल्या एकाही रानात वाघ फिरलेला नाही. तरीही जपानी चित्रांत वाघ जागोजागी आहे. देवळांच्या सरकत्या दारांवर आहे, किल्ल्यांच्या भिंतींवर आहे, आणि एकोणिसाव्या शतकात बाजारात मिळणाऱ्या स्वस्त छापील चित्रांत तर तलवारबहाद्दरांच्या अंगावर झेप घेणारे वाघच वाघ आहेत. त्या छापील चित्रांबद्दलच आज सांगायचं आहे.

पण न पाहिलेला वाघ हे लोक काढत कशावरून? एक तर कातड्यांवरून. कोरिया आणि चीनकडून वाघाची कातडी येत, सरदार लोक ती मिरवत. तिथल्या ‘ओनी’ नावाच्या राक्षसाच्या कमरेलाही वाघाचंच कातडं असतं. ईशान्य दिशा भुताखेतांची मानली जाई आणि त्या दिशेचं जुनं नाव बैल आणि वाघ या दोन राशींवरून पडलेलं. म्हणून राक्षसाला बैलाची शिंगं आणि वाघाचं कातडं, असा हिशोब सांगतात. दुसरा आधार चिनी आणि कोरियन चित्रांचा, त्यांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. आणि तिसरा आधार घरातच, चुलीपाशी झोपलेला. मारुयामा ओक्यो (1733–1795) हा समोर बघून चित्र काढण्याचा आग्रह धरणारा चित्रकार. त्याने कातडी निरखून अंगावरचे पट्टे बरोबर टिपले. पण कातड्याला डोळे नसतात. चालताना खांदा कसा वर येतो तेही कातडं सांगत नाही. मग उरलेलं सगळं मांजराकडून उसनं घ्यायचं.

आणखी एक गंमत. बिबट्या म्हणजे वाघाची मादी, अशी तिकडे पक्की समजूत होती. क्योतोच्या निजो किल्ल्यात वाघांच्या कळपात ठिपकेवाले बिबटे सुखाने बसलेले दिसतात ते त्यामुळेच. क्योतोच्याच र्‍योआन-जी मंदिरातल्या जगप्रसिद्ध दगडांच्या बागेला ‘वाघाची पिल्लं नदीपार नेण्याची बाग’ असंही म्हणतात. कथा अशी की वाघिणीला तीन पिल्लं झाली तर त्यातलं एक बिबट्याचं निघतं, आणि ती नसताना ते भावंडांना खातं. मग तिने एकेक करून तिघांना पैलतीरी न्यायचं कसं? वाघ, शेळी आणि गवताचा भारा होडीतून नेण्याचं आपलं कोडं आठवलं ना? तेच.

आता छपाईकडे येऊ. ‘लाकडी ठशाचं चित्र’ म्हटलं की एक चित्रकार छिन्नी घेऊन बसलाय असं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात चित्रकार लाकडाला हातही लावत नसे. प्रकाशक पैसे घालायचा आणि विषय ठरवायचा. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांत चित्र काढून द्यायचा. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवायचा आणि रेघा सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचा. म्हणजे मूळ चित्र त्यातच संपलं. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. शेवटी छापणारा फळीला रंग लावून, वर ओलसर कागद ठेवून पाठीमागून घासायचा. रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा ठेवलेल्या असत, कागद त्यांत टेकवायचा. घासायची गोल गादी म्हणजे ‘बारेन’, तिच्यावर बांबूच्या कोंबाचं साल चढवलेलं असतं. चित्रांतला वाघ बांबूच्या बनात राहतो आणि छापलाही बांबूनेच जातो!

या पद्धतीत वाघाचे केस हे अवघड काम, हे लक्षात घ्या. कागदावर जो काळा केस दिसतो, तो फळीवर लाकडाची उभी राहिलेली, सुतासारखी धार असते. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढताना सुरी जरा घसरली की केस तुटला, आणि तुटलेला केस पुन्हा चिकटवता येत नाही. म्हणून माणसांचे चेहरे आणि केस कोरायचं काम मुरलेल्या कारागिराकडे असे, कपडे आणि झाडंझुडपं शिकाऊ मुलांकडे. चांगल्या छापात वाघाच्या गालावरचे केस बोटाने कुरवाळावेसे वाटतात. एवढ्या मेहनतीचं चित्र मिळायचं कितीला? साधारण वाडगाभर सोबा शेवयांच्या किमतीत. ही दरबारी कला नव्हतीच. एदो शहरातला, म्हणजे आजच्या टोकियोतला, सुतार किंवा हमाल जाता जाता विकत घेऊन भिंतीवर डकवेल अशी ही चीज.

त्यातल्या योद्ध्यांच्या चित्रांना म्हणतात ‘मुशा-ए’. मुशा म्हणजे योद्धा, ए म्हणजे चित्र. या प्रकाराचा राजा उतागावा कुनियोशी (1798–1861). कापड रंगवणाऱ्याचा मुलगा. उमेदवारीची वर्षं हलाखीची गेली, जुन्या चटया विकून पोट भरायचा असं सांगतात. तिशीला टेकल्यावर, 1827 च्या सुमारास, त्याची एक चित्रमाला बाजारात आली आणि रातोरात नाव झालं. विषय होता ‘सुइकोदेन’, म्हणजे सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या 108 बंडखोरांची जुनी चिनी कादंबरी, तेव्हा जपानी भाषांतरांतून घरोघरी पोचलेली. कुनियोशीने एका कागदावर एक वीर असा घाट घातला आणि सत्तरहून जास्त चित्रं केली. अंगाला पीळ पडलेले, डोळे वटारलेले, पाठभर गोंदलेले गडी. ही चित्रं बघून एदोतल्या आग विझवणाऱ्या जवानांनी आणि मजुरांनी अंगावर तसंच गोंदवून घ्यायला सुरुवात केली. आज ‘जपानी टॅटू’ म्हणून जे जगभर चालतं, त्याची बरीचशी मुळं या स्वस्त कागदांत आहेत.

या 108 जणांत वाघ मारणारे एकाहून जास्त आहेत. सगळ्यांत नावाजलेला बुशो (चिनीत वू सोंग). घाटाच्या पायथ्याशी दारूच्या गुत्त्यावर पाटी असते: आमच्या दारूचे तीन वाडगे घेतलेत तर घाट चढता येणार नाही. हा तीनवर थांबतो होय! भरपूर ढोसतो, वर वाघ आहे म्हणून सांगणाऱ्याला खोटं पाडतो आणि रात्री घाट चढतो. वाघ आहेच. काठी उगारतो तर ती झाडाच्या फांदीवर बसून मोडते. मग उरले हात. वाघाचं डोकं जमिनीत दाबून धरून तो बुक्क्यांनी त्याला संपवतो. कुनियोशीच्या चित्रात तो ऐन झटापटीत आहे आणि माणूस आणि वाघ मिळून कागद असा गच्च भरलेला आहे की हलायला जागा नाही. मला तर वाघापेक्षा बुशोच जास्त हिंस्र वाटतो.

कुनियोशीच्या वाघांत मांजर डोकावतं त्याला कारणही तसंच आहे. हा माणूस मांजरवेडा होता. काम करताना एखादं पिल्लू किमोनोच्या आत, छातीशी असायचं, घरात मेलेल्या मांजरांसाठी देव्हारा होता, असं त्याच्या शिष्यांनी सांगून ठेवलंय. मांजर चिडलं की कान मागे पाडतं, पाठ उचलतं, नाकावर सुरकुत्या आणतं. हे सगळं तो वाघाला देतो. म्हणून डोळा चुकला तरी राग खरा वाटतो.

आता जरा मागे सरकून सगळ्या गोष्टी एकत्र बघा. बुशो वाघाला भेटतो ते चीनमध्ये. जपानी वीर आपल्या मुलखात असतो तेव्हा त्याच्यासमोर येतात ते रानडुक्कर, अस्वल, अजस्र मासा, फार तर भलामोठा कोळी. वाघ भेटायला त्याला समुद्र ओलांडावा लागतो. त्यामुळे जपानी चित्रात वाघ आला की समजायचं, गडी परदेशात आहे. मराठीत वाघ गावाच्या वेशीवर असतो, त्याच्यासाठी शेंदूर लावलेला वाघोबा असतो. जपानी चित्रात वाघ देशाच्या वेशीपलीकडे असतो. हे एकदा लक्षात आलं की ही चित्रं वाचायची किल्लीच हाती लागते.

या जातीची सगळ्यांत जुनी गोष्ट ‘निहोन शोकी’ या इसवी सन 720 मधल्या इतिहासग्रंथात आहे. हादेसु नावाचा दूत 545 मध्ये कोरियातल्या पेक्चे राज्यात गेला होता, बायकामुलांसह. समुद्रकाठी मुक्काम, रात्री बर्फ पडलं आणि मूल नाहीसं झालं. सकाळी बर्फावर वाघाचे ठसे. चिलखत चढवून तो मागावर निघाला. वाघाने गिळायला तोंड उघडलं, तसं याने डाव्या हाताने त्याची जीभ धरली आणि उजव्या हाताने भोसकलं. कातडं सोलून घेऊन परतला. मुलाचं काय झालं ते सांगायची गरज ग्रंथकाराला वाटलेली नाही. कातडं मात्र जपानला पोचलं.

मग येतो कातो कियोमासा (1562–1611). याच्याशिवाय वाघाचं चित्र पुरं होत नाही. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1592 मध्ये कोरियावर स्वारी केली, तिच्यातल्या प्रमुख सेनापतींपैकी हा एक. चित्रात ओळखायला सोपा: दाढी, डोक्यावर उंचच उंच टोपीसारखं शिरस्त्राण, हातात भाला, समोर वाघ. जवळ निशाण असेल तर त्यावर सात अक्षरं: ‘नामु म्योहो रेंगे क्यो’. त्यातलं ‘नामु’ म्हणजे आपलं संस्कृत ‘नमो’, आणि पुढचं सद्धर्मपुंडरीक सूत्राचं नाव. कियोमासा निचिरेन पंथाचा कट्टर बौद्ध होता आणि हाच मंत्र निशाणावर लावून लढायला जाई. कोरियाच्या बर्फात, जपानी भाल्याशेजारी, भारतातून चीनमार्गे आलेला नमस्कार!

त्याच्या भाल्याला पात्याच्या दोन्ही बाजूंना आडवे फाटे आहेत, त्यातला एक आखूड. वाघाने चावून तोडला, असं लोक सांगतात. त्या जातीचे भाले मुळात तसेच घडवत, फाटा कुणी तोडलेला नाही. आणि भाल्याचं तरी काय घेऊन बसायचं? जुन्या आख्यायिकेत कियोमासा वाघाला बंदुकीने मारतो. वाघाने त्याच्या पदरच्या एका पोराला मारलेलं असतं, हा दबा धरून बसतो आणि तोंड उघडताच गोळी घालतो. पण भिंतीवर लावायच्या चित्रात गोळीला काय शोभा? चित्रकारांनी त्याच्या हाती भाला दिला, आणि पुढे तोच खरा ठरला.

इथे राजकारणाची एक मजेदार भानगड आहे. हिदेयोशीच्या मुलाला संपवून तोकुगावा घराणं गादीवर पक्कं झालेलं. त्यामुळे हिदेयोशी आणि त्याच्या सरदारांची तारीफ सरकारला खपत नसे. 1804 मध्ये उतामारो या बड्या चित्रकाराने हिदेयोशी आणि त्याच्या बायकांचं चित्र छापलं म्हणून त्याला पन्नास दिवस हातात बेड्या घालून घरात बसवलं. हिदेयोशीच्या काळातल्या योद्ध्यांची नावं आणि चिन्हं छापायची नाहीत, असा हुकूम निघाला. तपासनीसाचा शिक्का असल्याशिवाय चित्र विकताच येत नसे. यावर प्रकाशकांनी काढलेला तोडगा शाळकरी पोरांना शोभेल असा होता. कियोमासा हे नाव उलटं करून ‘मासाकियो’ केलं, कातोचं ‘सातो’ केलं. झाला सातो मासाकियो! तीच टोपी, तीच दाढी, तोच भाला, तोच वाघ. गिऱ्हाइकाला कळायचं, तपासनीसालाही कळत असणारच, पण कागदावर कायदा पाळलेला. पुढे 1842 मध्ये सरकारने नट आणि गणिकांच्या चित्रांवरच बंदी आणली, तेव्हा प्रकाशकांना योद्ध्यांचाच आधार उरला आणि मुशा-एचं पीक जोरात आलं.

एक गोष्ट मात्र ही चित्रं दाखवत नाहीत. ती स्वारी 1598 पर्यंत चालली. कोरियात गावंच्या गावं बेचिराख झाली. मारलेल्यांची नाकं आणि कान कापून, मिठात घालून जपानला पाठवले गेले, ते पुरलेला ढिगारा क्योतोत आजही आहे. वाघही मिठात घालून पाठवले जात, कारण त्यांचं मांस हिदेयोशीला औषध म्हणून हवं असे. चित्रात त्यातलं काही नाही, कोरियन माणूस नाही. आहे तो फक्त वाघ. मारणाऱ्याला शूर ठरवायला माणसापेक्षा वाघ सोयीचा पडतो. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळला, त्यानंतर सात वर्षांनी यामामोतो तादासाबुरो नावाचा धनाढ्य व्यापारी शिकाऱ्यांचा ताफा घेऊन तिथे वाघ मारायला गेला आणि परत आल्यावर टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात पाहुण्यांना वाघाचं मांस वाढलं. कियोमासाची चित्रं बघत वाढलेल्या पिढीतलाच तो.

सगळ्याच गोष्टींत वाघ मरत नाही, हेही सांगायला हवं. चिकामात्सु मोन्झाएमोनचं 1715 मधलं बाहुलीनाट्य ‘कोकुसेन्या कास्सेन’ ओसाकात 17 महिने चाललं. नायक वातोनाई, बाप चिनी, आई जपानी. यामागचा खरा माणूस झेंग चेंगगोंग. त्याचा जन्म जपानमधल्या हिरादोचा, आणि 1662 मध्ये त्याने डचांना तैवानमधून हाकललं. नाटकात वातोनाई चीनच्या बांबूच्या बनात वाघाशी झोंबी घेतो. तेवढ्यात म्हातारी आई जपानमधल्या इसेच्या देवळातला ताईत पुढे करते आणि वाघ शेपूट घालून गरीब गाईसारखा बसतो. या प्रसंगाची छापील चित्रं ढिगांनी निघाली. इथेही खेळ तोच आहे, परका मुलूख आणि त्याला नमवणारी घरची देवता. फक्त भाल्याच्या जागी ताईत. आणि या चित्रांतल्या वाघाचं तोंड जरा विनोदी दिसत असेल तर त्यालाही कारण आहे: रंगमंचावर तो कातडं पांघरलेला माणूसच असायचा.

1860 मध्ये मात्र कमाल झाली. वर्षभरापूर्वीच योकोहामा बंदर परदेशी जहाजांना खुलं झालेलं. एदोतल्या र्‍योगोकु भागात एका तंबूत जिवंत ‘वाघ’ दाखवायला आणला. झुंबड उडाली. चित्रकारांनी तातडीने चित्रं केली, खरा वाघ पाहून काढल्याचा दावा वर छापला. ती चित्रं आज बघितली की अंगभर ठिपके दिसतात. तो बिबट्या होता! पण मादी वाघ ठिपकेवाली असते हे तर आजोबा-पणजोबांपासून माहीत, मग शंका कोण घेणार?

पट्ट्यांचा वाघ टोकियोच्या गर्दीला निवांत बघायला मिळाला तो 1886 मध्ये, चियारिनीच्या इटालियन सर्कशीत. सम्राट मेइजींनी स्वतः खेळ बघितला, आणि त्या प्रसंगाचं तीन कागदांचं चित्र चिकानोबु या चित्रकाराने छापलं. ही तीच सर्कस, जी काही वर्षांपूर्वी मुंबईत बघून कुरुंदवाड संस्थानचे विष्णुपंत छत्रे पेटून उठले आणि 1880 मध्ये त्यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली. चियारिनीच्या वाघिणीला टोकियोतच पिल्लं झाली. उएनोच्या प्राणिसंग्रहालयाने ती 1887 मध्ये मागून घेतली, आणि बदल्यात सर्कशीला अस्वलं दिली.